युरोपातले शहर, लोकलच्या अंतरावर

युरोपातील जुने शहर पाहायचे तर विमानाचे तिकीट हवे, अशी आपली समजूत. नोकरदार कुटुंबाला ते कुठून परवडणार? पण आम्हा घोडबंदरकरांना असे एक शहर खाडीपलीकडेच आहे, वसईच्या किल्ल्यात. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत तटाच्या आत चर्चे, मठ व वाडे उभे राहिले.

एका रविवारी आम्ही सहकुटुंब निघालो. भाईंदरहून लोकलने वसई रोड, तिथून बसने किल्ला. पुढे दिवसभर पायीच. गोन्सालो गार्सिया चर्चपाशी मुले थबकली. वसईत जन्मलेल्या या धर्मसेवकाला १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर मानकऱ्यांची नावे कोरलेली. धाकटीने विचारले, "बाबा, हे दगड वाहणाऱ्यांची नावे कुठे आहेत?" आम्ही सगळीकडे पाहिले. कुठेच नाहीत. भिंतींवर खिळ्याने ओरखडलेली हल्लीच्या हौशी मंडळींची नावे तेवढी दिसली!

वाचकहो, अवश्य जा. पाणी व भाकरी बरोबर घ्या, गवतात जपून चाला, भिंतींवर काही लिहू नका. आणि शहर कोणी जिंकले हे मुलांना सांगताना, ते कोणाच्या घामावर उभे राहिले हेही विचारायला शिकवा.