खवट तेल आणि मध्यस्थ बोरॉन

वाशीमहून रिसोडकडे जातांना रिठद हें गांव लागतें. सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या गांवीं आमचे एक स्नेही राहतात. दिवाळीनंतर महिन्याभरानें आम्ही त्यांच्याकडे गेलों, तेव्हां वहिनींनीं चकल्यांचा डबा पुढें केला आणि लगेच ओशाळून मागें घेतला. चकल्या खवट झाल्या होत्या. "तेल नवें कोरें, डबा माझ्यासमोर फोडलेला, मग हा वास आला कोठून?" असें त्यांनीं विचारलें. आमचें तेव्हांचें उत्तर अर्धवट होतें. तें येथें पुरें करितों.

तेलाचा रेणु म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, आणि कार्बनला चिकटलेले हायड्रोजन. हा कार्बन-हायड्रोजन बंध मोठा चिवट. मिथेन वायूंत तो तोडावयास दर ग्रॅम-रेणूस सुमारें १०५ किलोकॅलरी लागतात. परंतु सोयाबीनच्या तेलांत निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्लाचा अंश असतो. त्यांत दोन दुहेरी बंधांच्या मधोमध बसलेल्या कार्बनचा हायड्रोजन पाऊणपट शक्तीनेंच सुटतो. एखादा 'मुक्त मूलक', म्हणजे जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणूचा तुकडा, तेथें आला कीं तो हायड्रोजन ओढून घेतो. मागें राहिलेला कार्बन स्वतःच मूलक बनतो, हवेंतील प्राणवायूला धरतो आणि शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. या परंपरेच्या शेवटीं जे बारीक पदार्थ फुटून निघतात, त्यांचाच तो खवट वास.

हीच लुटालूट शिस्तीनें करवून घेतां आली, तर औषधें बनविण्याच्या कितीतरी पायऱ्या गळतील, हें रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानीं आलें. मुक्त मूलक खरोखरच असतो हें गोम्बर्ग यांनीं अमेरिकेंत १९०० सालीं दाखविलें. पण मौज अशी कीं हॉफमान यांनीं १८८३ च्या सुमारासच, मूलकाचें नांवगांव ठाऊक नसतां, नायट्रोजनकडून हें काम करवून घेतलें होतें! नायट्रोजनला ब्रोमीन जोडलेला पदार्थ गंधकाम्लांत तापविला कीं नायट्रोजनचा मूलक आपल्याच साखळींतल्या दूरच्या कार्बनचा हायड्रोजन काढतो, आणि पुढें पांच अणूंचें कडें जुळतें. लोफ्लर यांनीं १९०९ मध्यें याच वाटेनें तंबाखूंतलें निकोटिन तयार केलें. मात्र नायट्रोजनचा हात पोंचेल तेवढेंच त्याचें राज्य.

बोरॉनची गोष्ट याहून रंजक आहे. हें मूलद्रव्य सोनाराच्या टांकणखारांत व कॅरमच्या भुकटींत असतें. फळांना सुवास देणाऱ्या एस्टर-वर्गांतील एका विशिष्ट कार्बनचा हायड्रोजन काढावयाचा, तर ऑक्सिजनच्या मूलकाजवळ शक्ति पुरेशी असते. पण तो इलेक्ट्रॉनांचा भुकेला, आणि त्या कार्बनचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यानें आधींच ओढलेले. दोघे मागणारेच, देणारा कोणी नाहीं. व्यवहार रेंगाळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील रॉबर्ट्स यांनीं १९८७ सालीं यांत अमाइन-बोरेनला मध्यस्थ घातलें. या पदार्थांत नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी बोरॉनला देतो. त्यामुळें बोरॉनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनचा मूलक झटकन् उचलतो, आणि मागें उरलेला बोरॉनचा मूलक असतो दिलदार. तो नेमका त्या हडकुळ्या कार्बनचाच हायड्रोजन घेऊन पुन्हां अमाइन-बोरेन होतो. एका मंद पावलाऐवजीं दोन जलद पावलें, आणि मध्यस्थ जसाच्या तसा परत! आमच्या लग्नांतल्या मध्यस्थांविषयीं इतकें खात्रीनें बोलवत नाहीं.

आपल्याकडे मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें देबब्रत मैती यांनीं याच चिवट बंधावर काम केलें आहे. त्यांचा मुख्य भर पॅलेडियमसारख्या धातूंवर. धातु महाग, म्हणूनच बोरॉन-नायट्रोजनच्या या स्वस्त जोडीकडे लक्ष जातें.

आतां वहिनींचा प्रश्न. सोयाबीनच्या तेलांत ई जीवनसत्त्व असतें. तें आपला हायड्रोजन मूलकाला देऊन टाकतें व स्वतः सुस्त मूलक बनतें, म्हणून साखळी तुटते. पण तें संपलें कीं तेल उघडें पडतें. ऊन व उष्णता हें संपणें लवकर आणतात. रिठदच्या त्या स्वयंपाकघरांत तेलाची पारदर्शक बरणी आणि चकल्यांचा डबा दोन्ही खिडकींत, दुपारच्या उन्हांत होतीं. बरणी आतां फडताळांत गेली आहे; चकल्या गाईनें खाल्ल्या.