पाच सामन्यांचा हंगाम

आपल्या श्रीरामपूर भागात ‘हंगाम’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटतो, उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागतात, आणि ऊन चढले की धुराडे थंड होते. तेवढ्या महिन्यांवर कित्येक घरांचे वर्ष उभे असते. म्हणूनच मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेविषयी वाचताना आम्ही गोलांचा हिशेब नंतर पाहिला. हंगाम किती दिवसांचा, हे आधी पाहिले.

इंडियन विमेन्स लीग या नावाने ही स्पर्धा 2016-17 साली सुरू झाली. बाद पद्धतीत एकदा हरले की वळकटी गुंडाळायची. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, विजयाला 3 गुण, बरोबरीला 1, आणि अखेरीस ज्याचे गुण अधिक तो विजेता. पुरती लीग दोन फेऱ्यांची असते, एक सामना आपल्या गावी आणि एक दुसऱ्याच्या.

आता 2018-19 चा हंगाम घ्या. त्यात आपल्या महाराष्ट्रातून एफ. सी. कोल्हापूर सिटी हा संघ होता. तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरून टाकणारे ते गाव. तिथल्या मुली राष्ट्रीय मैदानावर उतरल्या यात नवल नाही. पण उतरल्या कुठे? लुधियान्यात, मे महिन्याच्या उन्हात. 12 संघ, सहा-सहांचे दोन गट, 5 तारखेला आरंभ आणि 22 तारखेला समाप्ती. अंतिम सामन्यात तमिळनाडूच्या सेतू संघाने मणिपूर पोलिसांना 3-1 असे हरविले. गटातच थांबलेल्या संघाच्या वाट्याला सामने आले पाच. नव्वद मिनिटांप्रमाणे गणित केले तर साडेसात तास, म्हणजे कारखान्यातली एक पाळीसुद्धा पुरी भरत नाही! त्याच वर्षी पुरुषांच्या आय-लीगमध्ये 11 संघ होते आणि प्रत्येकाने 20 सामने खेळले.

सर्वांना एकाच गावी आणले की प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च वाचतो, हे खरे. पण अठरा दिवसांच्या कामासाठी वर्षाचा करार कोण करील? उपविजेता संघ पोलिसांचा होता, यात पुष्कळ काही आले. खेळ टिकायचा तर मागे नोकरी हवी.

बायकांचा खेळ पाहायला माणसे येत नाहीत, असे कोणी म्हणाले तर त्याला इंग्लंडची हकीकत सांगावी. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूल येथे सुमारे 53,000 लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ती बंदी उठायला 1971 उजाडले.

आपल्याकडे बदल झाला तो 2023-24 मध्ये. सात संघ, स्वगृही आणि परगावी अशा दोन फेऱ्या, प्रत्येकी 12 सामने, डिसेंबर ते मार्च. ओडिशा एफ. सी. विजेता ठरला. त्या सातांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. याच सुमारास, 2023 मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरविले की वरच्या श्रेणीतील प्रत्येक क्लबने किमान 10 भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा आणि वर्षाला किमान 3 लाख 20 हजार रुपये द्यावे. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या थोडे वर. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला बंद काळातही वेतनाचा काही हिस्सा मिळतो, तो हक्क संघटनेने झगडून घेतला आहे. वर्षाचा पगार ठरविणे ही त्याच जातीची गोष्ट, म्हणून आम्हांला तिचे मोल वाटते.

मात्र कलम नीट वाचावे. संघात वीसहून अधिक मुली असतात, हमी दहांना. मैदानात उतरतात त्याच अकरा! उरलेल्यांचे काय, हे क्लबच्या मर्जीवर. खेळाडूंची अखिल भारतीय संघटना बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने 2006 मध्ये स्थापन झालेली आहे. अकराव्या मुलीचा प्रश्न पहिल्याने तिच्या टेबलावर जायला हवा.