वाळूची वाटी

आपल्याकडे छोट्या वाटीत पदार्थ शिजवण्याची रीत काही नवी नाही. कोकणात फणसाच्या रसात तांदळाचा रवा कालवून सांदणे करतात, ती वाट्यांतूनच उकडतात. इडलीचे साचे तर आता घरोघर आहेत. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या किनाऱ्यावर फणसाची चार पाने काड्यांनी टाचून द्रोण करतात आणि त्यात इडलीचे पीठ उकडतात. पदार्थ खाल्ला की द्रोण गाईपुढे टाकला, काम संपले. तेव्हा पाश्चात्य देशांतला 'कपकेक' किंवा 'मफिन' पाहून आपण फार बुजून जायचे कारण नाही. वाटीएवढा केक, इतकाच त्याचा अर्थ.

हा वाटीकेक जुना आहे. अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईंचे पाकपुस्तक १७९६ साली छापले गेले. छोट्या पेल्यांत भाजण्याच्या केकची कृती त्यात दिली आहे. पुढे १८२८ साली एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात 'कप केक' हे नावच आले. त्या नावाला दुहेरी अर्थ होता. पेल्यात भाजायचा म्हणून कपकेक, आणि पीठ, साखर, लोणी पेल्याने मोजून घ्यायचे म्हणूनही कपकेक. आपल्या आयाबाया 'एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर' असे सांगतात, तोच हा प्रकार. मफिन हा त्याचा भाऊबंद. कपकेकमध्ये लोणी-साखर फेसून घेतात, त्यामुळे तो मऊ आणि बारीक जाळीचा होतो. मफिनचे मिश्रण मात्र नुसते हलक्या हाताने एकत्र करतात, म्हणून तो जरा भरड आणि कमी गोड असतो.

आजचा आपला विषय आहे तो हे केक ज्या रबरासारख्या, रंगीत, मऊ वाट्यांत भाजतात त्या वाट्यांचा. तालुक्याच्या बाजारातही त्या आता दिसू लागल्या आहेत. पुष्कळांच्या मनात दोन शंका येतात. रबराची वाटी भट्टीत वितळत कशी नाही? आणि वितळली नाही तरी तिच्यातले खाणे मुलांना द्यावे काय? दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट समजून घेतल्याशिवाय ही वस्तू घरात आणू नये.

आधी नावाचा घोळ मिटवू. शिक्षकबंधूंनी हा भेद वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे आणि सिलिकोन हा त्यापासून माणसाने बनवलेला पदार्थ आहे. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच आढळते. कवचाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्याचा. नदीकाठची पांढरी वाळू, गारगोटी, स्फटिक ही सारी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची संयुगे. विजेच्या भट्टीत गारगोटी कोळशाबरोबर तापवली की ऑक्सिजन निघून जातो आणि करड्या रंगाचे सिलिकॉन उरते.

या सिलिकॉनची संयुगे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी कित्येक वर्षे अभ्यासली आणि 'सिलिकोन' हा शब्द रूढ केला. मजा अशी की एका व्याख्यानात, या विषयात नजीकच्या काळात मोठी प्रगती होईल अशी फारशी आशा दिसत नाही, असे मत खुद्द त्यांनीच मांडले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४० साली, अमेरिकेत यूजीन रोचो यांना एक सोपी वाट सापडली. तांबे मिसळलेल्या गरम सिलिकॉनच्या भुकटीवरून मिथिल क्लोराइड नावाचा वायू सोडायचा. जे द्रव्य मिळते त्यावर पाण्याची क्रिया केली की सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची एकाआड एक गुंफलेली लांब साखळी तयार होते. अशा साखळ्या जागोजाग एकमेकींना जोडल्या की सिलिकोनचे रबर झाले. आपली वाटी याच रबराची.

आता ही वाटी वितळत का नाही ते पाहा. नेहमीच्या प्लास्टिकच्या पिशवीचा कणा कार्बनच्या अणूंचा असतो. सिलिकोनचा कणा आहे सिलिकॉन-ऑक्सिजनचा, म्हणजे वाळूचाच. हे बंध फार बळकट, उष्णतेने सहजी तुटत नाहीत. शिवाय साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे त्या वेगळ्या होऊन वाहूही शकत नाहीत. साखळीच्या दोन्ही अंगांना कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट असतात, त्यांना पाण्याचे वावडे. म्हणून वाटीला पीठ फारसे चिकटत नाही. केक निवला की वाटी बाहेरच्या बाजूस उलटी वळवावी, केक अलगद सुटून हातात येतो.

पण 'वितळत नाही' याचा अर्थ 'कितीही तापवा' असा करू नका. चांगल्या वाटीवर सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसची मर्यादा लिहिलेली असते. केक भाजतात १८० अंशांच्या आसपास, तेव्हा ओव्हनमध्ये चिंता नाही. चिंता आहे ती आपल्या घरगुती पद्धतीची. आपण कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढून, तळाशी मीठ किंवा वाळू घालून, पाण्याशिवाय केक भाजतो. या कुकरात उष्णता किती झाली हे मोजायला काही साधन नसते, आणि ज्योतीच्या वरचा तळ तर फारच तापतो. त्यात सिलिकोनची वाटी तळाला टेकवून ठेवली तर ती करपण्याची, वास सोडण्याची भीती आहे. असे भाजायचे झाले तर ॲल्युमिनियमच्या वाट्या घ्याव्यात. उकडायचे असेल, म्हणजे कुकरात पाणी घालून शिट्टीविना वाफवायचे असेल, तर मात्र सिलिकोनची वाटी खुशाल वापरा. पाण्याची वाफ शंभर अंशांच्या पुढे फारशी जात नाही. गॅसच्या ज्योतीवर, चुलीच्या निखाऱ्यावर किंवा ओव्हनच्या तापणाऱ्या कांबीला चिकटून ही वाटी कधीही ठेवू नये.

आता दुसरी, अधिक महत्त्वाची शंका. सिलिकोन तयार होताना लांब साखळ्यांबरोबर काही लहान, कड्यासारखे रेणूही उरतात. उष्णता आणि तूप-तेल यांच्या संगतीने ते थोड्या प्रमाणात अन्नात उतरू शकतात. युरोपीय संघाने २०१८ साली अशा तीन रेणूंची नावे विशेष काळजीच्या रसायनांच्या यादीत घातली. तेव्हा शंका अगदीच पोकळ नाही. पण उपायही माहीत आहे. कारखान्यातच वाट्या बराच वेळ तापवून ठेवल्या की हे उडून जाणारे रेणू बहुतेक निघून जातात. जर्मनीतल्या शिफारशीनुसार २०० अंशांवर चार तास तापवल्यावर वाटीचे वजन अर्ध्या टक्क्याहून अधिक घटता कामा नये. जो कारखानदार हे पथ्य पाळतो त्याचा माल थोडा महाग पडतो. जो पाळत नाही त्याचा माल स्वस्त पडतो, आणि उरलेले काम आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या केकबरोबर होते!

म्हणून वाटी घेताना चार गोष्टी पाहा. वेष्टनावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि उष्णतेची मर्यादा लिहिलेली असावी. अन्नासाठी योग्य असा स्पष्ट उल्लेख असावा. वाटी नाकाशी धरली असता उग्र वास येऊ नये. आणि हात लावल्यावर ती चिकट लागू नये. वाटीला चिमटा काढून ताणावी आणि पांढरी पडली तर भेसळ समजावी, असे काही जण सांगतात. या परीक्षेवर मात्र विसंबून राहू नका. सिलिकोनला बळकटी यावी म्हणून बारीक सिलिकाची पूड मुद्दामच मिसळतात, त्यामुळे नुसत्या पांढरेपणावरून निवाडा होत नाही. घरी आणल्यावर वाट्या साबणाने धुऊन, कोरड्या करून, रिकाम्याच ओव्हनमध्ये केक भाजण्याच्या उष्णतेवर तासभर ठेवाव्यात आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यानंतरही वास येत राहिला तर ती वाटी स्वयंपाकाला वापरू नये. खिळे-स्क्रू ठेवायला ती चालेल.

आता भाजण्याची रीत सांगतो. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध आणि पाव वाटी तेल एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट झाले तर चमचा-दोन चमचे दूध घाला. भाजण्याच्या अगदी आधी अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून हलकेच ढवळा. दह्याचे आम्ल आणि सोडा यांच्या भेटीने कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, तेच केक फुगवतात. म्हणून सोडा घातल्यावर मिश्रण तिष्ठत ठेवू नये. वाट्यांना आतून बोटाने तुपाचा पुसट हात द्या. रिकाम्या वाट्या आधी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या ताटावर मांडा आणि मग दोन तृतीयांश भरा. हा क्रम उलटा केला तर मऊ वाटी उचलताना वाकते आणि पीठ ताटाऐवजी ओट्यावर जाते. १८० अंशांवर साधारण २० मिनिटे भाजा, सुरी किंवा काडी टोचून पाहा, ती कोरडी निघाली की झाले. पाच-दहा मिनिटे निवू द्या आणि मग वाटी उलटवा.

सिलिकोनच्या वाटीतला केक खालून आणि कडेने फिकट राहतो, हेही आधीच सांगून ठेवतो. धातूचा साचा सगळ्या अंगाने उष्णता गोळा करून पिठाला पोचवतो. सिलिकोनला ते साधत नाही. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे हजारपट उष्णता वाहते. खमंग तांबूस कड आवडत असेल तर धातूचा साचाच बरा. मऊ कड आवडत असेल तर सिलिकोन उत्तम. केक फिकट दिसतो म्हणून उष्णता भलतीच वाढवू नका. दोन-तीन मिनिटे जास्त दिली की पुरे.

शिक्षकांना हा गुण वर्गात सहज दाखवता येईल. परातीत कोमट पाणी घ्या. त्यात एक ॲल्युमिनियमची आणि एक सिलिकोनची वाटी तरंगत ठेवा आणि दोहोंत सारखे बर्फाचे तुकडे टाका. कोणता तुकडा आधी विरघळतो ते मुलांनाच पाहू द्या, आणि का, ते त्यांनाच सांगू द्या. दुसरा प्रयोग पाण्याच्या थेंबाचा. काचेवर थेंब पसरतो, सिलिकोनवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो.

वाट्यांची निगा सोपी आहे. गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजत ठेवा आणि मऊ फडक्याने धुवा. तारेची घासणी, सुरी यांपासून दूर ठेवा. एकदा चीर पडली की ती वाढतच जाते. जुन्या तेलाचा चिकट थर बसला असेल तर सोड्याचा लेप लावून ठेवावा आणि मग धुवावे. सिलिकोन वास धरून ठेवते, म्हणून लसणीच्या तिखट केकच्या वाट्या निराळ्या आणि गोडाच्या निराळ्या ठेवाव्यात.

शेवटी हिशेब. समजा, बारा सिलिकोनच्या वाट्यांना २४० रुपये पडले आणि बारा कागदी वाट्यांना १२ रुपये. म्हणजे वीस खेपांनंतर सिलिकोनची किंमत वसूल. दर रविवारी केक करणाऱ्या घरी ती पाच महिन्यांत वसूल होईल. वर्षातून दोनदा, मुलांच्या वाढदिवसाला करणाऱ्या घरी दहा वर्षे लागतील! शिवाय टाकून दिलेली सिलिकोनची वाटी फणसाच्या पानासारखी मातीत कुजत नाही, आणि भंगारवालाही ती सहसा घेत नाही. तेव्हा ही वस्तू काटकसरीची आहे, पण ती वापरणाऱ्याच्या हातीच. कपाटात पडून राहिली तर ती नुसती उधळपट्टी.

बचत गटाच्या भगिनींनी आणखी एक विचार करावा. विकायचा केक गिऱ्हाईक घरी नेणार, त्याला कागदाची वाटीच हवी. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४ साली सुरू झालेले मेरवान हे इराणी हॉटेल मावा केकसाठी नावाजले, तो केकही कागदातच बसलेला. तेव्हा विक्रीला कागद, घरच्या आणि शाळेच्या खाऊला सिलिकोन, खमंगपणाला धातू आणि सणासुदीला दारचा फणस असेल तर त्याची पाने. ज्या कामाला जी वाटी योग्य ती घ्यावी. नवी वस्तू नवी म्हणून घेऊ नये आणि परकी म्हणून टाकू नये. तिचा गुण, तिची मर्यादा आणि तिचा हिशेब, या तिन्ही गोष्टी आधी तपासून पाहाव्यात.