राक्षसाचा रंग कोणता?

१९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. एवढे लांबलचक नाव आपल्याकडच्या मुलांनी कधी उच्चारलेच नाही. ठाकूरद्वार असो की लालबाग, जिथे जिथे गल्लीतल्या अंधाऱ्या गाळ्यात टोकन टाकून मुले खेळत, तिथे तो ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. खेळायला चार पात्रे होती. कंपनीच्या लेखी नायक जॅक नावाचा गोरा गडी. पण मुलांना आवडला तो सावळा, टोपीवाला, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा. त्यांनी परस्पर नायक बदलून टाकला, आणि खेळाचे बारसेही नव्याने केले. त्यासाठी कुणाला परिसंवाद भरवावा लागला नाही.

त्याच कंपनीच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये एक भारतीयही होता. धालसिम त्याचे नाव. हाडाडलेला योगी, गळ्यात कवट्यांची माळ, हात रबरासारखे लांबणारे आणि तोंडातून आग. जपानी कलावंताच्या डोळ्यांपुढे भारत म्हणून जे उभे राहिले, ते हे! आपली मुले हसली आणि खेळत राहिली. जगभर गाजलेल्या खेळात आपल्यातला कोणी दिसला, तर तो असा दिसला, याचे त्यांना तेव्हा काही वाटले नसावे.

आता वाटते. नुसते आपल्याला नव्हे, सगळ्यांनाच. या खेळांतल्या अद्भुत राज्यांत कोणाला नायक करायचे, स्त्रियांना कोणते कपडे घालायचे, काळ्या माणसाला राजा होता येते की नाही, यावर पाश्चात्त्य देशांत गेली दहा-बारा वर्षे रण माजले आहे. २०१४ साली तर खेळ तयार करणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या स्त्रियांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मग २०२० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा वाद निघाला. हा १९७४ पासूनचा, मुळात टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. आजच्या बहुतेक अद्भुत व्हिडिओ गेमचा आजोबाच म्हणा ना. त्यात ‘ड्रो’ नावाची एक जमात आहे. वर्णाने काळी, जमिनीखाली राहणारी आणि जवळजवळ सगळीच्या सगळी दुष्ट. कंपनीने जाहीर केले की यापुढे कोणतीही जमात सरसकट दुष्ट दाखवणार नाही. २०२४ च्या नियमपुस्तकातून तर ‘वंश’ हा शब्दच गेला.

विरोधकांचे म्हणणे असे, की हा कल्पनेचा खेळ, त्यात समाजसुधारणा कशाला? त्यांच्या वैतागात थोडे तथ्य आहे. उपदेश करायला निघालेली गोष्ट रटाळ होते, हे कादंबरी लिहिणाऱ्याला सांगायला नको. शिवाय कंपन्यांचा हा उदारपणा गल्ल्याकडे डोळा ठेवूनच असतो. बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला तो हिशेब दिसतोच. पण जन्मावरून माणसाची जात दुष्ट ठरवणे, हे केवळ अद्भुतकथेत घडते काय? आपल्याच देशात १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि पुढे कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ पर्यंत तो शिक्का त्यांच्या कपाळावर होता, आणि लोकांच्या मनातून तो अजूनही पुरता पुसलेला नाही.

कल्पनेतल्या पात्रांना चेहरा कुठून येतो, हे गिरगावकराला तरी ठाऊक असायला हवे. राजा रविवर्म्याने आपला शिळाछाप छापखाना १८९४ साली गिरगावातच काढला. घरोघरी भिंतीवर गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली ती त्याने, आणि नितळ गोरा वर्ण दिला तोही त्यानेच. पुढे देवी म्हटले की तीच डोळ्यांपुढे येऊ लागली. या छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कोरोनेशनमध्ये लागला. त्यातली तारामती होती अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारा पुरुष! ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. प्रेक्षकांनी हात जोडले. पण १९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. घरंदाज म्हणवणाऱ्यांनी नाके मुरडली. तरी पडद्यावर बाईचे काम बाईच करणार, हे पुढे ठरूनच गेले.

राक्षसाचा रंग मात्र बदलला नाही. मुंबईतून १९६७ पासून निघालेल्या ‘अमर चित्र कथा’ आमच्या घरात मुलांनी फाटेपर्यंत वाचल्या. त्यांतले बहुतेक नायक उजळ किंवा निळे, असुर काळेसावळे, जाड ओठांचे. अनंत पैंच्या कामाबद्दल मला आदरच आहे, पण चाळीतल्या एखाद्या काळ्या पोराला गॅदरिंगमध्ये नेहमी रावणच का मिळतो, याचे उत्तर त्या रंगपेटीत सापडते.

अशा वेळी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या कंपनीने काढलेला ‘राजी’ हा खेळ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. तरी नेट धरून त्यांनी २०२० मध्ये खेळ आणला. पहाडी चित्रांसारखे रंग, राजस्थानी वाड्यांसारखे महाल. नायिका राजकन्या नाही. ती आहे कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी, आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या पोरीसारखी. धाकट्या भावाला असुरांनी पळवले म्हणून ती निघते, आणि दुर्गा आपले त्रिशूळ तिच्या हाती देते. कोलांट्या, खांबावरच्या गिरक्या, भिंतीवरून धावणे हीच तिची युद्धकला. जी कसरत रस्त्यावर पाहून आपण चार आणे टाकून पुढे गेलो, तीच इथे जग वाचवते. मला हे फार आवडले.

असुरांपाशी येऊन मात्र ‘राजी’ही जुन्याच वाटेने जाते. त्यांचा म्होरक्या महाबलासुर. तो दुष्ट का, असे विचारायची सोयच नाही. असुर म्हणून दुष्ट. महाराष्ट्रात बसून ही गोष्ट रचणाऱ्यांना दुसरी वाट सापडायला हरकत नव्हती. जोतिराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला प्रजेचा राजा केले आणि वामनालाच जाब विचारला. खेड्यापाड्यांत तर दिवाळीला बळीचेच राज्य मागतात.

आणि जेजुरी! खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारले, पण मरता मरता मणी शरण आला, त्याने वर मागितला, आणि आज गडावर जाणारा भाविक त्या दैत्यालाही नमस्कार करतो. खंडोबाची एक बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची. दुसरी बाणाई, धनगराची. दोघींचे भांडण, मध्ये सापडलेला देव, घोडा, कुत्रा, भंडारा. एवढा ऐवज तयार पडला आहे. खेळणाऱ्याने सुरुवातीला पात्र निवडायचे झाले तर म्हाळसा घ्यावी, बाणाई घ्यावी, की मणी दैत्य घ्यावा?