गांधीलमाशी डसली की सूज का येते?

गोठ्याच्या आढ्याला किंवा बांधावरच्या झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं आपण सगळ्याच पाहतो. माशी डसली की घटकाभरात तिथं आग होते, लाल गांधी उठते, खाज सुटते. विष तर थेंबभरही नसतं, मग एवढी सूज कशी येते? आज आपण तेच समजून घेऊ.

आपल्या कातडीखाली मास्ट पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन या रसायनाच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. पुड्या फुटल्या की रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि सूज येते.

या पुड्या फोडतं कोण? प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. आखूड माळेला पेप्टाइड म्हणतात. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी गांधीलमाशीच्या विषातून फक्त १४ मण्यांची एक माळ वेगळी काढली. प्रयोगशाळेत ती उंदराच्या मास्ट पेशींवर घातली, तर पेशींनी हिस्टामिन बाहेर टाकलं. म्हणून तिला मास्टोपॅरान नाव मिळालं. मधमाशीच्या विषातही असंच २२ मण्यांचं पेप्टाइड आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी मास्ट पेशीवरचं एक कुलूप दाखवून दिलं. अशी पेप्टाइडं त्याच कुलपाला किल्लीसारखी लागतात. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माशी डसली तरी तिथं सूज येते.

ॲलर्जीची वाट मात्र वेगळी. आधीच्या डंखानंतर काहींच्या शरीरात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुन्हा माशी डसली की अंगभरच्या पुड्या एकदम फुटू शकतात. हे जिवावर बेतू शकतं.

म्हणून लक्षात ठेवूया. डंखाच्या जागीच सूज असेल तर जागा धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी. हाताला डसली असेल तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात. मधमाशीचा काटा रुतला असेल तर तोही झटपट काढावा. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर चुना-हळद लावत बसू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. तिथं मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. एकाच वेळी अनेक माश्या डसल्या, तरीही दवाखान्यातच जावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत ही लक्षणं सगळ्या जणींना सांगूया, मैत्रिणींनो.