'यारा'चा गोड सुवास अंगावर कसा राहतो?

रमजानचे शेवटचे दिवस आले की अत्तराच्या दुकानात मुली, सुना एकच नाव विचारतात: 'यारा'. संयुक्त अरब अमिरातीतल्या लताफा कंपनीचा हा गुलाबी बाटलीतला परफ्यूम २०२० साली आला आणि आपल्या घरांतही पोहोचला. झाकण उघडलं की मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. पण दुकानातला वास आणि दिवसभर अंगावर राहणारा वास एक नसतो. ईदीचे पैसे खर्च करण्याआधी एवढं कळलं तरी पुरे.

लावल्या लावल्या येतो तो संत्र्याच्या जातीच्या फळाचा ताजेपणा आणि त्याबरोबर पावडरीसारखा मऊ वास. हा भाग पाव-अर्ध्या तासात उडून जातो, कारण फळांचे वास देणारे घटक हलके असतात. मग दुधाळ, फळांचा गोडवा वर येतो. पुष्कळांना तो स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा वाटतो, आम्हालाही तसाच वाटला. गंमत म्हणजे कंपनी सांगते त्या घटकांत स्ट्रॉबेरीचं नावच नाही! शेवटी व्हॅनिला, चंदन आणि मस्क उरतात. तुमच्यासोबत खरा राहतो तो हाच भाग. म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर एक फवारा मारा, बाजारातली बाकीची खरेदी उरका, तासाभराने पुन्हा वास घ्या. तेव्हाही आवडला तर घ्या.

हा गोडवा येतो कुठून? संत्र्या-लिंबाच्या सालीतून सुगंधी तेल पिळून काढता येतं. स्ट्रॉबेरी किंवा पीचमधून तसं निघत नाही. त्यांचा वास प्रयोगशाळेत जुळवावा लागतो. जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखा जळक्या साखरेचा वास इथाइल माल्टॉल नावाच्या पदार्थाचा असतो. १९९२ साली फ्रान्सच्या 'एंजल' या परफ्यूमने तो भरपूर वापरला आणि तिथून मिठाईसारख्या परफ्यूमची लाटच आली. आपल्याकडचा गुलाब, केवडा, मोगरा ही वेगळी परंपरा. कनौजला आजही डेगमध्ये फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. शीरखुर्म्यात केवड्याचे दोन थेंब टाकणाऱ्या घरात गोड वास नवा नाही, पण तो आपण अंगाला नाही, वाटीत ठेवत आलो.

आता हवेचा प्रश्न. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात गोड वास जड होतो. घामात मिसळला की शेजारच्याला मळमळतं. थंडीत नागपूर-औरंगाबादकडे तोच वास छान खुलतो. आमच्या अंदाजाने अंगावर तो चार-पाच तास जाणवतो, कपड्यांवर दुसऱ्या दिवसापर्यंतही. लावणाऱ्याचं नाक मात्र थोड्या वेळात सरावतं, "उडाला वाटतं" म्हणून ती आणखी फवारते आणि वर्गातल्या बाकीच्यांचं डोकं दुखतं. शाळेत हे आम्ही रोज पाहतो. दम्याच्या मुलाला तर खरोखर त्रास होतो. दोन फवारे पुष्कळ झाले; शाळेत, एसटीत, दवाखान्यात तेही नकोत.

पांढऱ्या कुर्त्यावर, दुपट्ट्यावर थेट मारू नये. व्हॅनिलाच्या वासातलं व्हॅनिलिन काळानुसार तपकिरी होतं आणि कपड्यावर डाग राहू शकतो. स्प्रेत अल्कोहोल असतं, त्यामुळे पेटत्या गॅसजवळ फवारणं धोक्याचं. ईदच्या सकाळी स्वयंपाकघरातच तयार होणाऱ्या आपाजींनी हे विशेष लक्षात ठेवावं. अल्कोहोलच्या परफ्यूमबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं, नाहीतर तेलातलं अत्तर आहेच.

दुकानदार कधी लहान शिशीत 'यारासारखं' अत्तर देतात. ते फक्त मिळतंजुळतं असतं, त्यासाठी मूळ बाटलीचा भाव देऊ नये. नावातही घोळ होतो: 'यारा तूस' हा वेगळा परफ्यूम आहे, त्यात आंबा आणि नारळाचा वास येतो. मुलीने गुलाबी बाटली सांगितली असेल तर गुलाबीच घ्या, बिलासह घ्या, आणि बाटली खिडकीच्या उन्हात न ठेवता कपाटात ठेवा.