‘स्वान लेक’ : नर्तक आणि वादक

बॅले म्हणजे पायांच्या बोटांवर उभे राहून केलेला नाच, अशी आपल्याकडे साधारण समजूत असते. वास्तविक बॅलेत एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती नर्तक व वादक दोघे मिळून सांगतात. ‘स्वान लेक’ या जगप्रसिद्ध बॅलेची चित्रफीत मी अनेकदा पाहिली, तेव्हा हे मला हळूहळू उमगत गेले.

कथा अगदी परीकथेतली. मांत्रिकाच्या शापाने राजकन्या ओडेट दिवसा हंसी होते आणि रात्री पुन्हा माणूस. राजपुत्र तिला प्रेमाचे वचन देतो. पण मांत्रिक हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आपली मुलगी ओडील दरबारात आणतो, राजपुत्र फसतो आणि वचन मोडते. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या संगीतावर हा बॅले १८७७ साली मॉस्को येथे प्रथम झाला. पुढे १८९५ साली पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी तो सेंट पीटर्सबर्गमध्ये नव्याने बसवला. आजचे बहुतेक प्रयोग त्यावरच आधारलेले असतात.

ओडेट आणि ओडील ही दोन्ही कामे बहुधा एकच नर्तकी करते. ओडेटच्या नाचात व्हायोलिन एकटेच गाते, मग त्याला चेलोची साथ मिळते. येथे वाद्यवृंदाचा संचालक नर्तकीच्या हालचालीकडे पाहून लय लांबवतो. एखादी नर्तकी संथ लयीत दुःख दाखवते, दुसरी किंचित चपळाईने भीती. ओडीलच्या वाट्याला मात्र एका पायावर सलग ३२ गिरक्या येतात. तेथे लय जरा रेंगाळली तरी तोल जाण्याची भीती! शेवटी हंसींची धून कोमल गंधार सोडून शुद्ध गंधारावर येते. कोठे त्या सुरांवर दोघे प्रेमिक सरोवरात प्राण देतात, तर सोव्हिएत काळातील प्रयोगांत मांत्रिकाचाच नाश होतो. स्वर तेच, अर्थ मात्र निराळे!

आपल्या पालघर जिल्ह्यातील तारपा नाचात या नात्याची दुसरी बाजू दिसते. भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून केलेला तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. येथे नर्तक वादकाच्या मागे जातात, तर ओडेटच्या नाचात वादक नर्तकीची वाट पाहतात. पण दोन्हीकडे एकाचे दुसऱ्याकडे लक्ष असते.

आपल्या स्नेहसंमेलनातील नाच मात्र ध्वनिमुद्रित गाण्यांवर होतात. तालमीत कुणाचा श्वास चुकला, पाय अडखळला, तरी गाणे पुढे निघून जाते. मग नाचणारी मुलगी अर्थ शोधायचा सोडून केवळ गाणे गाठण्यासाठी धावते. वसईच्या गावोगावी बँडवाले आहेत, भजनी मंडळांत पेटी-तबला वाजवणारे आहेत; आपल्या वर्गांतही वाजवणारी मुले आहेत. पुढील संमेलनात निदान एक तरी नाच प्रत्यक्ष साथीवर बसवावा, असे मला मनापासून वाटते. तो कदाचित तितका सफाईदार होणार नाही, पण तो आपला असेल.